एका हाताचं कुत्रं

आमच्या बाबांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता, एक त्यांच्या वांग्यांचा आणि दुसरा दरोग्याचा. वांगी खरंच तशी होती. सेलूच्या बाजारात आमची पाटी उतरली की बाया बाकीच्यांना ओलांडून आमच्याकडे यायच्या. दरोगा म्हणजे आमचं कुत्रं. अल्सेशन. त्या काळी आमच्या खेड्यात अल्सेशन म्हणजे लांडग्याचीच अवलाद समजायचे, आणि ते ज्याच्या दारात त्याच्या वाडीत पाय ठेवायची कोणाची छाती नसायची. पण बाबांचा अभिमान निव्वळ जातीचा नव्हता. पारावर बसले की ते सांगायचे, "आमचं कुत्रं एका हाताचं हाये." म्हणजे घरातल्या एकाच माणसाच्या हातचं ते खाते, त्याचंच ऐकते, बाकी कोणी भाकरीत तूप घालून दिलं तरी तोंड लावत नाही. असं कुत्रं चोराला फितत नाही, असा आमच्याकडचा समज. आणि तो एक हात माझा होता.

आता या वयात, पिपरी मेघेतल्या या सिमेंटच्या घरात बसून हे लिहायचं कारण एवढंच की माझा मुलगा प्रशांत मागच्या महिन्यात रॉटवायलरचं पिल्लू घेऊन आला. काळंभोर, डोळ्यांच्या वर दोन तांबूस ठिपके, पाय अंगापेक्षा मोठे. माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणतो, "आई, तू घरीच असते दिवसभर. याले तूच खाऊ घालजो. बाकी कोणी हात नाई लावायचा. एकाच माणसाचं कुत्रं खरं राखण करते, मी व्हिडिओत पाह्यलं." मी त्या पिल्लाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. वाटलं, बाबा पुन्हा जन्माला आले की काय. हातात मोबाईल घेऊन.

तर बाबांचं सांगते. आमचं घर वाडीतच, म्हणजे भाजीच्या मळ्यातच होतं, गावाच्या जरा बाहेर. पहाटे आधी विहिरीवरच्या इंजिनाची फटफट, मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि मग अंगणभर सांबाराचा वास. बाहेरच्या लोकांना सांगते, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. जुड्या बांधून बांधून माझी आणि वहिनीची बोटं कायम हिरवी असायची. वहिनी म्हणजे दादाची बायको, माझ्यापेक्षा थोडीच मोठी, हसरी, नकलाकार. बाबांची चालण्याची नक्कल तर अशी करायची की माय पदरात तोंड लपवायची. वाडीत रानडुकरं घुसायची, आणि वांगी भरात आली की माणसंही घुसायची. बाबा एकदा कामानं कारंजाकडे गेलते, तिथे हमरस्त्यावरच्या धाब्यावर एका ट्रकवाल्याजवळ हे पिल्लू पाहिलं. याची माय कोण्या सायबाच्या बंगल्यावर हाये, असली नस्ल हाये, असं त्यानं सांगितलं. बाबांनी वांग्याची एक बोरी त्याच्या ट्रकात टाकली आणि पिल्लू धोतराच्या सोग्यात घालून घरी आले.

पिल्लू गरीब होतं हो. रात्री रडायचं, चुलीजवळच्या राखेत झोपायचं. पण गरीब कुत्रं काय कामाचं? बाबांनी गांधीलमाश्यांचं पोळं धुरानं झाडलं, माश्या वाळवल्या, कुटल्या आणि भाकरीत घालून त्याला चारल्या. म्हणे त्यानं कुत्रं तिखट होते. तिखट झालं का नाही मला माहीत नाही, हगवण मात्र लागली. मग दिवसभर गोठ्यामागच्या अंधाऱ्या खोपीत साखळी, माणूस दिसू द्यायचा नाही, आणि दिवस बुडाला की वाडीत मोकळं सोडायचं. खाऊ एकानंच घालायचं. कोणी, यावर बाबांनी आणि दादानं पुष्कळ विचार केला. पुरुषाच्या हातचं नको, कारण चोर पुरुषच असतात, कुत्रं फसेल. मायला चुलीतून सवड नाही. मग उरल्या वहिनी आणि मी.

बाबा म्हणाले, "सून बाहेरून आलेली. वच्छी घरची हाये. वच्छीच घालीन."

झालं. वहिनी तिथेच सांबार निवडत बसली होती. ती खाली पाहून बारीक हसली. मला तेव्हा ते हसू कळलं नाही. माझी शाळा सुटली होती, मला लुगडं नेसवायची बोलणी घरात चालली होती, आणि पोरगी घरची असते आणि सून बाहेरची असते, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की त्यातली गंमत कोणालाच दिसली नाही. जाणार होते मी. राहणार होती ती.

मला दरोगा आवडायचा, खोटं कशाला बोलू. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून मी खोपीत शिरले की तो अख्ख्या अंगानं हलायचा. कान मागे पाडून माझ्या पायावर हनुवटी टेकवायचा. तोच दरोगा दादा बैल सोडायला आला तरी साखळी तोडायला धावायचा. गावात त्याचं नाव असं झालं की पोरं आमच्या वाडीच्या बाजूची पायवाट सोडून लांबून जायची. पोस्टमन रस्त्यावरूनच आरोळी मारायचा, "दरोगासाहेब बसले का ड्युटीवर?" बाबा खूश. मी खूश. एवढं मोठं जनावर माझ्या एका 'अहं'वर बसते, म्हणून मीही थोडी फुगलेली असायची.

मग मला पाहायला आले. कारंजाकडची माणसं, थोडी संत्र्याची वाडी, मुलगा शेतीच करणारा. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि खोपीतून दरोगा असा गर्जत होता की मुलाच्या काकांनी चहाची बशी दोनदा खाली ठेवली. लग्न जमलं. त्या दिवसापासून माय बाबांना म्हणायला लागली, "अहो, त्या कुत्र्याचं काय करता? पोरगी तं चालली." बाबांचं उत्तर एकच, "पाहू ना. हाये ना वेळ." वांग्यावर कीड दिसली की ज्या माणसाला झोप लागायची नाही, तो इथे महिनोन्महिने पाहू, पाहू म्हणत राहिला. मी पण काही बोलले नाही. लग्न जमलेल्या पोरीनं कुत्र्याविषयी बोलायचं म्हणजे काय, सासरी जायला मन नाही असाच अर्थ निघायचा.

मांडव पडला, पाहुणे आले, हळद लागली. तेव्हा हळद एका संध्याकाळची नसायची, रोज लागायची, आणि एकदा लागली की नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. खोप मांडवाबाहेर. आता? पहिल्या दिवशी दरोग्याच्या भाकरीचं टोपलं दादानं लाकडानं ढकललं. त्यानं ते उलटं केलं. डफडं वाजत होतं, माणसं येत होती जात होती, पोरं ओरडत होती, आणि तो उपाशी जीव आत साखळीला हिसके देत होता. मला घरात बसून प्रत्येक हिसका ऐकू यायचा. हळदीच्या हातानं मी कान झाकायची. करवल्या म्हणायच्या, पोरीले लाज वाटून राह्यली.

दुसऱ्या दिवशी मायला युक्ती सुचली. माझं रोजचं हिरवं लुगडं वहिनीला नेसवलं, डोक्यावरून पदर ओढला, माझ्या हातातल्या बांगड्या तिच्या हातात घातल्या. कुत्र्याला काय कळतं, असं सगळ्यांचं मत पडलं. वहिनीला तर नाटकच हवं होतं. माझ्यासारखी मान खाली घालून, माझ्याच आवाजात "ये रे बाप्पा, ये" म्हणत तिनं आधी मांडवात एक फेरी मारून दाखवली. सगळे हसले. मी पण हसले. मग ती टोपलं घेऊन खोपीत गेली.

तिची किंकाळी आली तेव्हा डफडेवाले थांबले नाहीत, त्यांना वाटलं बायकांची मस्करी चालली आहे. दादानं तिला ओढून काढलं. उजव्या मनगटापासून खाली हात फाटला होता, आणि माझ्या बांगड्या फुटून मांसात रुतल्या होत्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा कुत्रं चावल्यावर पोटात सुया घेत, त्या तिला सुरू झाल्या. घरात माझ्या मामांनी आणि गावच्या माणसांनी काठ्या काढल्या. पण दरोगा खोपीत अन् काठीच्या टप्प्यात शिरायला कोणी तयार नाही. कोणी म्हणे बंदूक आणा, कोणी म्हणे जंगलात सोडून द्या. मग सोडणार कोण? साखळी कोण धरणार?

तेव्हा बाबा घरात आले. माझ्यासमोर, जमिनीवर बसले. बाबा माझ्यासमोर असे कधी बसले नव्हते.

"वच्छे, तूच चाल. साखळी सोड अन् त्याले बंडीत चढवून दे. पुढचं आमी पाहतो."

"पुढचं काय, बाबा?"

बाहेर बैलबंडीत काठ्या ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात वहिनी दवाखान्यातून परत आली. हात गळ्यात बांधलेला, तोंड पांढरं पडलेलं. बाहेरचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं. दारातूनच म्हणाली, "मारू नका बाप्पा त्याले. डॉक्टरनं सांगितलं, कुत्र्यावर नजर ठेवा, पिसाळते का पाहा. मारून टाकलं तं नजर कशावर ठेवसान, माह्यावर?" कोणी हसलं नाही. तिलाच थोडं हसू आलं, आणि ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

मी उठले. आत्याबाई ओरडली, "अवो, हळदीची पोर बाहेर चालली!" मी मांडव ओलांडला, खोपीत गेले. दरोगा आधी गुरगुरला, मग माझा आवाज ओळखून मांडी घातल्यासारखा बसला. त्याच्या तोंडाला रक्त होतं. मी त्याला खाऊ घातलं, हाताला हळद होती, भाकर पिवळी झाली. मग साखळी खुंटीवरून काढून माझ्या मनगटाला गुंडाळली आणि बाबांना म्हटलं, "बंडीत नाई चढवणार. मी जाईन तिकडे हा येईन. नवरीसंगं पाठराखीण जाते ना? हा माही पाठराखीण."

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीसोबत पहिल्या वेळी सासरी जाणारी तिच्या माहेरची बाई, तिला एकटं वाटू नये म्हणून. माझी चुलत बहीण नवं पातळ घेऊन तयार बसली होती. बिचारी रुसली ती आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वरात आली, लग्न लागलं, आणि मग ही गोष्ट वरपक्षाला सांगायची वेळ आली. काका लोक हसायलाच लागले. "अरे, हुंड्यात लांडगा देऊन राह्यले का?" बाबा मान खाली घालून उभे. शेवटी माझे सासरे खोपीजवळ आले. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. त्यांनी लांबूनच दरोग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरी, हे कोणाकोणाच्या हातचं खाते?"

"माह्या एकटीच्या."

"मंग तू माहेरी कशी येशीन?"

इतक्या महिन्यांत, एवढ्या माणसांत, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी सुद्धा नाही. बाबांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मामाजी वऱ्हाडाच्या ट्रकवाल्याला म्हणाले, "मागचं फळकं खाली घे." नवरी पुढे ड्रायव्हरजवळ बसते. मी मागे बसले, शालूत, बाशिंगासकट, एका कोपऱ्यात दरोगा आणि मी, दुसऱ्या कोपऱ्यात सगळं वऱ्हाड एकमेकांच्या अंगावर.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजूनही आधी झोप आठवते, म्हणजे न झालेली झोप. सगळ्यांच्या आधी उठायचं, दरोग्याची भाकर, मग घरच्यांच्या. ताप असो, काही असो, उठायचंच, कारण दुसरा हात नाही. पहिल्या दिवाळीला दादा न्यायला आला. मी जाऊ शकले नाही. तो ओसरीवर बसून करंज्या खाऊन, मायनं काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे ठेवून परत गेला. पहिलं बाळंतपण माहेरी होते, माझं सासरी झालं. मायच माझ्याकडे आली, सोबत वहिनी. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी पूर्ण वाकली नाहीत. तिची भाकर तेव्हापासून एका बाजूनं जाड यायची, आणि आमच्या घरात त्याविषयी कोणी कधी एक शब्द काढला नाही. बाबासुद्धा ती जाड बाजू मुकाट्यानं खायचे. वहिनीनं बाळाला घेतलं, लांबून दरोग्याकडे पाहिलं, म्हणाली, "काय दरोगासाहेब, बदली मानवली का?" आणि मी रडायला लागले. त्या कुत्र्यावर माझा जीव होता, आणि त्या दिवशी मला तो नको होता. दोन्ही खरं होतं. लोकांना वाटते साखळीनं जनावर बांधलं जाते. माझ्या तर पायालाच त्याची साखळी होती.

मामाजींनी मला एका शब्दानं हिणवलं नाही. पण आल्या दिवशीच त्यांनी खोपीसारखी जागा न देता दरोग्याला अंगणाच्या कडेला, निंबाखाली बांधलं, जिथून येणारं जाणारं माणूस दिसेल. साखळी पोहोचते तेवढ्या जागेभोवती काट्यांचं कुंपण घातलं, म्हणजे लेकरू चुकून जाणार नाही. आणि एक रीत लावली. दरोग्याची भाकर झाली की ती ताटात घालून घरभर फिरायची. प्रत्येकानं आपल्या हातानं एक तुकडा मोडायचा, कुस्करायचा. सासूबाई कुरकुरायच्या, दीर नाक मुरडायचे, गडी हसायचा. "मोडा," मामाजी म्हणायचे, "त्याले घरातले सगळे हात माहीत झाले पाहिजे." द्यायची मीच. पण मी देत असताना ते रोज कुंपणाबाहेर, त्याच्याकडे पाठ करून दोर वळत बसायचे. बोलणं नाही, बोलावणं नाही. ऊन गेलं, पाऊस गेला. एखाद्या दिवशी दरोगा त्यांच्यावर धावला की ते दोर घेऊन जरा लांब सरकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मला वाटायचं, हा माणूस कंटाळत कसा नाही?

बाळ चालायला लागलं त्या सुमारास एक दिवस मला ताप होता. मी ताट घेऊन उठत होते तर मामाजींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि कुंपणाच्या आत ठेवलं. दरोगा ताटाकडे पाहत राहिला, माझ्याकडे पाहत राहिला. मी दारात उभी. मग त्यानं मान घातली.

त्याच आठवड्यात मी माहेरी गेले. पहिल्यांदा. बंडीत बसून मागे वळून पाहिलं तर तो उभा होता, भुंकला नाही. माहेरी मी काय केलं? काही नाही. झोपले. माय जेवायला उठवायची, जेवून पुन्हा झोपायची. परत आले तेव्हा दरोगा मामाजींच्या पायाशी पडलेला. शेपटी हलवली, उठला मात्र नाही. बायकांना वाटलं मला वाईट वाटेल. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरात जाऊन, भर दुपारी, पुन्हा झोपले.

आता आमच्या गल्लीत भांडण चाललं आहे. एक बाजू म्हणते अशा जातींवर बंदी आणा. दुसरी म्हणते जातीत काही नसते, प्रेमानं सगळं होते. मी दोघांचं ऐकते. दातात जोर असतो तो असतोच, प्रेमानं जबडा लहान होत नाही. वहिनीचा हात मी पाहिला आहे. म्हणून प्रशांतला सांगितलं, पट्टा पाहिजे, बाहेर नेताना तोंडाला जाळी पाहिजे, लस पाहिजे, फाटकाला कडी पाहिजे, आणि हे मी एकटी खाऊ घालणार नाही.

"काऊन, आई? तू तं घरचीच ना."

हे ऐकून मला हसू आलं. त्याला काय सांगू? माझे गुडघे, माझा हलणारा हात. मी म्हटलं, "मी घरची असली तरी जाणारी हावो, बाबू. मागल्या वेळी पाठराखीण नेता आली. या वेळी नाई नेता येणार."

दुसऱ्या दिवसापासून ताट फिरतं आहे. प्रशांत चहाच्या आधी एक तुकडा मोडतो, सून डब्याच्या घाईत मोडते, दूधवाला आधी फाटकाबाहेरूनच नाही म्हणायचा, आता तोही मोडतो. प्रशांत कुरकुरतो, "अशानं हे कोणालेही शेपटी हलवीन." हलवू दे, म्हटलं.

काल मी सकाळी मुद्दाम उठले नाही. दार लोटून पडून राहिले. सुनेनं एकदा हाक मारली, मी ओ दिली नाही. मग ताट फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच नाही. मग चपचप, चपचप, आणि रिकामं ताट जिभेनं ढकलत भिंतीपर्यंत नेल्याचा आवाज.

मी कूस बदलली आणि डोळे मिटले.